पाणी सुटण्याआधीचा काठ

पुण्याहून ताम्हिणीच्या वाटेला लागलं की मुळशीचा जलाशय बराच वेळ सोबत करतो. मे सरत आला होता. पाणी खूप खाली गेलं होतं आणि काठाची उघडी पडलेली जमीन पायऱ्यापायऱ्यांनी आत उतरत गेली होती. मुळा खरी पूर्वेची नदी. ती पुण्यात मुठेला मिळते, पुढे भीमा, मग कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. टाटांच्या धरणानं तिचं पाणी इथं अडवलं आणि सह्याद्री ओलांडून पश्चिमेला वळवलं. १९२१ साली मुळशी पेट्यातले शेतकरी सेनापती बापटांच्या मागे सत्याग्रहाला उभे राहिले, ते या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनींसाठी. जमिनी गेल्या. १९२७ पासून हे पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात येतं, तिथं वीज तयार होते आणि मग ते कुंडलिकेत पडतं. कोकणातल्या कितीतरी नद्या वैशाखात नुसत्या गोट्यांच्या उरतात. कुंडलिका मात्र कोलाडला बारमाही वाहते, ती या पाण्यामुळे. त्याच पाण्याच्या मागोमाग मी निघाले होते. कोलाडच्या काठावरचं निवराचं झाड मला फुललेलं बघायचं होतं.

घाटात करवंदांचा बहर होता. कातकरी बायका पळसाच्या पानांच्या द्रोणात काळीभोर करवंदं घेऊन वळणावळणावर बसल्या होत्या. एकीनं द्रोण हातात देताना वर आणखी मूठभर टाकली आणि म्हणाली, "आता पाऊस आला की सडतील, खाऊन घ्या." घाट उतरला तसा वारा दमट झाला. अंगाला चिकटणारी कोकणची हवा सुरू झाली, आणि विळ्याच्या पुढे घरांची ठेवण बदलली. लांब उतरती कौलं, पुढे पडवी, शेणानं सारवलेलं अंगण. जिकडेतिकडे आगोटीची लगबग चालली होती. कुणी कौलं परतत होतं, कुणी पडवीत फाटी रचत होतं. एका अंगणात जवळा आणि बोंबील वाळत होते आणि एक म्हातारे गृहस्थ काठी घेऊन कावळे हाकत बसले होते. माझ्या घरी पावसाळ्याची तयारी म्हणजे छत्री शोधणं. इथं चार महिन्यांचं सगळं घर आधी भरून घ्यावं लागतं. मीठ, मसाला, सुकी मासळी, सरपण, गुरांचा पेंढा. पाऊस यायच्या आधी माणसं त्याच्याशी असा हिशेब पुरा करतात, आणि म्हणून त्याची वाट निर्धास्तपणे बघू शकतात.

कोलाडचा नाका महामार्गावरचा, सदा गजबजलेला. वडापावच्या गाड्या, करवंदं आणि जांभळांच्या पाट्या, गोव्याकडे निघालेल्या बसगाड्या. इथल्या रेल्वे स्थानकातून १९९९ पासून मालानं भरलेले ट्रक रेल्वेच्या वाघिणींवर चढून दक्षिणेला जातात. कोकण रेल्वेची 'रोरो' सेवा सुरू झाली ती इथूनच. नाक्यावरून आत वळून नदीच्या दिशेनं गेलं की हा गलबला पाच मिनिटांत मागे राहतो. पावसाची वाट बघणारी भाताची खाचरं, मधूनच कालव्याच्या पाण्यावर हिरवा राहिलेला एखादा तुकडा, आंब्याखाली बांधलेली गुरं, आणि मग उतारावर झाडांची दाट रांग. त्या रांगेखाली नदी.

मी जिथं उतरले होते ते घर काठापासून हाकेच्या अंतरावर होतं. घरात काकी, काका, त्यांचा राफ्टिंगवर काम करणारा मुलगा आणि काकांची आई. पोचल्यावर आधी पाय धुवायला तांब्या पुढे आला, मग प्यायला पाणी, मग कोरा चहा. आजींनी विचारलं, "कुठशी आलीस?" पुणे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग तुमच्याकडचंच पाणी येतं गो इथं." आपल्याकडे पाण्यावरून तालुके भांडतात. आजींनी मात्र ते नात्यासारखं सांगितलं आणि मला घरचीच करून टाकलं.

या घरातला दिवस नदीला बांधलेला आहे हे मला लवकरच कळलं. सकाळी वरून पाणी सुटतं, नदी भरून येते. ते ओसरलं की खडक पुन्हा उघडे पडतात. धुणं पाणी यायच्या आत उरकायचं, गुरं पाणी गेल्यावर पलीकडे न्यायची, मुलांनी कोणत्या दगडाच्या पुढे जायचं नाही ते ठरलेलं. देशावर आम्ही नदीचा पूर वर्षातून एखाद्या वेळी बघतो. इथं रोज एक छोटी भरती येते, तीही डोंगरातून.

रात्री जेवायला वालाचं बिरडं होतं. सुकट घातलेलं वांगं, कैरीची चटणी आणि तांदळाच्या भाकऱ्या. ज्वारीची भाकरी थापणारा माझा हात काकींसमोर अवघडला. तांदळाच्या पिठाची आधी उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची आणि पाण्याच्या हातानं थापायची. ज्वारीची भाकरी जोरावर होते, ही मऊपणानं होते. काकी परातीकडे न बघता भाकऱ्या थापत होत्या आणि मला निवराबद्दल सांगत होत्या. "फुलं बघायला कोण येत नाही. सकाळी पाण्यावर दिसतात तेवढीच. आम्ही लहान असताना माळ करायचो." आजींना मात्र त्याच्या फळाची, समुद्रफळाची आठवण. पोराला कफ झाला की वाळलेलं समुद्रफळ सहाणेवर उगाळायचं आणि बोटाला लागेल एवढंच चाटवायचं. "जास्ती नाय. जास्ती झालं की पोर ओकतं." घरच्या औषधाची मात्रा त्या बोटाच्या टोकावर दाखवत होत्या. त्यांची सावधगिरी अगदी रास्त होती. या झाडाच्या बियांत आणि सालीत सॅपोनिनं असतात. आफ्रिकेपासून पॅसिफिकच्या बेटांपर्यंत लोकांनी ती ठेचून पाण्यात टाकून मासे गुंगवले आहेत. मासा गुंगवणाऱ्या या फळाचा अंश बाळाला देताना किती द्यायचं हे ठाऊक असलेल्या बायका आता थोड्या उरल्या आहेत. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांनी वैद्याला विचारावं हेच बरं.

जेवणं झाल्यावर काकांच्या ओळखीचे एक कातकरी दादा बॅटरी घेऊन आले. ते रात्री गळ टाकायला नदीवर जातात. आम्ही शेताच्या बांधावरून उतरलो. वारा पडला होता. नदी त्या वेळी उथळ होती, खडकांमधून जाताना तिचा खळखळाट तेवढा ऐकू येत होता. झाड दिसायच्या आधी त्याचा वास आला. गोड, जड, थोडा मधासारखा आणि थोडा ओल्या मातीचा. दादांनी बॅटरी वर धरली.

निवर फार उंच झाड नाही. बुंध्यापासूनच ते पाण्याकडे कललेलं होतं. फांद्यांच्या टोकांशी लांबट, रुंद, चकचकीत पानांचे झुबके, आणि त्या झुबक्यांतून खाली लोंबणाऱ्या हातभर लांब माळा. झाडाच्या कपाळाला मुंडावळ्या बांधल्यासारख्या त्या सगळीकडे सुटल्या होत्या. माळेच्या वरच्या भागातल्या कळ्या उमलल्या होत्या, खालच्या अजून मिटलेल्या, हिरवट-गुलाबी. फुलात पाहण्यासारखे ते पुंकेसर. पांढरे, गुलाबी झाक असलेले शेकडो तंतू चहूकडे पसरलेले, आणि त्यांच्या मागे चार पाकळ्या दडल्यासारख्या. बॅटरीच्या झोतात मोठे पतंग फुलावर न बसता समोर थरथरत राहून मध घेत होते. एकदा वटवाघूळ सरळ माळेवर येऊन गेलं आणि अख्खी माळ झुलत राहिली. दिवसा फुलणाऱ्या झाडांना रंग दाखवावा लागतो. निवराचे पाहुणे अंधारात येतात, म्हणून त्याच्याकडे वास आहे, पांढरेपणा आहे आणि मध आहे.

दादांनी बॅटरी विझवली आणि आम्ही तिथं बसलो. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की गळ टाकायचा तर निवराच्या मुळांशी टाकावा. मुळं पाण्यात उतरलेली असतात, मध्ये पोकळ्या असतात, मासा तिथं सावलीला राहतो. पहिल्या मोठ्या पावसाला वलगण होते. नदीतला मासा अंडी घालायला ओढ्यांतून आणि शेतांतून वर चढतो, तेव्हाही आधी तो या मुळांपाशीच जमतो. फुलाला पतंग, फुलाखाली मासा, माशामागे माणूस. एका झाडाखाली एवढी वस्ती आहे, आणि ती बसलीय ती काठ धरून ठेवणाऱ्या मुळांच्या भरवशावर.

पहाटे उजाडायच्या आधीच मी पुन्हा तिथं गेले. फुलं गळायला लागली होती. पाकळ्या आणि केसरांचं ते अख्खं वलय एकदमच सुटून पाण्यावर पडतं. माळेवर मागे राहतो तो एकटा लांब कुक्षिवृंत. नदीत प्रवाह जवळजवळ नव्हता, त्यामुळे झाडाखालचं सगळं पाणी पांढऱ्या-गुलाबी तंतूंनी भरून गेलं होतं. दगडांच्या बेचक्यांत फुलांचे ढीग साठले होते. काकी धुणं घेऊन आल्या तेव्हा त्यांनी हातानं फुलं बाजूला सारली आणि कपडे आपटायला सुरुवात केली. त्यांच्यासाठी ही रोजची सकाळ. माझ्यासाठी ती पुरेशी होती, कारण एखादं झाड आपलं सगळं वैभव एका रात्रीत खर्च करतं आणि सकाळी त्याची पुढची कळी तयार असते हे मी पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होते.

या झाडाची ओळख कागदावर यायला आपल्याच किनाऱ्यावरची माणसं कारण झाली आहेत. सतराव्या शतकात कोचीचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ तयार करवला. 'हॉर्टस मलबारिकस' या नावानं त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅममध्ये निघाले. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आप्पूभट हे तीन कोकणी ब्राह्मण त्या कामात होते. त्यांनी दिलेली साक्ष ग्रंथात देवनागरी अक्षरांत, कोकणी भाषेत छापलेली आहे. निवर त्या ग्रंथात 'संस्त्रवडी' म्हणून येतं. पुढे १७५३ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसनं त्याला 'युजीनिया'त घातलं, ज्या वंशात जांभूळही पुढे बराच काळ गणलं गेलं. आजचं 'बॅरिंग्टोनिया' हे वंशनाम कॅप्टन कुकच्या दुसऱ्या सफरीवरच्या फॉर्स्टर पितापुत्रांनी दिलं, डेन्स बॅरिंग्टन या इंग्रज न्यायाधीशाच्या सन्मानार्थ. हा गृहस्थ पक्ष्यांच्या गाण्याचा अभ्यास करायचा, आणि लहानग्या मोझार्टची परीक्षा घेऊन त्यानं रॉयल सोसायटीला अहवालही पाठवला होता. कोलाडच्या काठावरच्या झाडाचं नातं असं कोचीपासून लंडनपर्यंत लागतं.

ऊन वर आलं आणि नदी बदलली. आधी आवाज आला, मग खडकांच्या कडा एकेक करून बुडाल्या, आणि बघता बघता उथळ पाण्याची हिरवी, ताकदीची धार झाली. मुळशीचं पाणी आलं होतं. दगडांतल्या फुलांचे ढीग उचलून नदीनं ते पुढे नेले. निवराचा बुंधा गुडघ्याइतका पाण्यात गेला. झाड मात्र जागचं हललं नाही. निवराच्या वंशातल्या काही झाडांचं ते वैशिष्ट्यच आहे. याच्या लाल केसरांच्या भावंडानं कंबोडियाच्या तोनले साप सरोवराकाठी मोठं जंगल उभं केलंय, जे वर्षातले कित्येक महिने पाण्यात असतं. बांगलादेशात सिल्हेटजवळ रातारगुलच्या पाण्यातल्या वनात हेच भावंड 'हिजल' म्हणून करंजांच्या सोबतीनं वाढतं. जिथं इतर झाडांची मुळं गुदमरतात तिथं ही झाडं संसार करतात.

नऊच्या सुमारास राफ्ट उतरायला लागल्या. मुंबई-पुण्याहून आलेली तरुण मुलं, डोक्याला हेल्मेट, अंगात नारिंगी जाकिटं. काकींचा मुलगा सर्वांत मागच्या राफ्टमध्ये उभा राहून सूचना देत होता, "फॉरवर्ड! जोरात!" पाण्यावरचा त्याचा ताबा बघण्यासारखा होता. कोणता खडक किती पाण्यात बुडतो, कुठं भोवरा धरतो, हे त्याला लहानपणापासून पाठ आहे. त्याच्या वडिलांच्या पिढीला भातकाढणीनंतर मुंबईची वाट धरावी लागायची. त्याला ती धरावी लागली नाही. नदीनं गावाला हे दिलंय आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच दुपारी त्याच्याशी बोलताना मी त्याला जपानच्या इरिओमोते बेटाची गोष्ट सांगितली. तिथल्या नद्यांकाठी हेच निवर आहे, तिथं त्याला सागारिबाना म्हणतात. जून-जुलैत लोक पहाटेच्या अंधारात कयाक घेऊन निघतात आणि उजाडताना पाण्यावर पडणारी फुलं बघतात. त्यासाठी माणसं दूरदूरच्या शहरांतून येतात, वाटाडे त्यावर पोट भरतात आणि काठावरच्या झाडाला कुणी हात लावत नाही. मुलगा ऐकत होता. मग म्हणाला, "आमच्याकडे पण कयाक हायेत. पण पाहुणे आठ वाजल्याशिवाय उठत नाहीत." थोड्या वेळानं त्यानंच विचारलं, "पाणी सुटायच्या आधी नदी एकदम शांत असते. तेव्हा नेलं तर?"

हा प्रश्न तो विचारतोय यातच मला आशा दिसते. कारण कोलाडच्या काठाची दुसरी बाजूही मी पाहिली. गेल्या काही वर्षांत नदीला लागून तंबूंच्या वसाहती उभ्या राहिल्या आहेत. पाण्याचा देखावा मोकळा दिसावा म्हणून काठ साफ केले जातात, हिरवळ लावली जाते, दगडांचे बांध घातले जातात. त्यात काठावरची झाडं सर्वांत आधी जातात आणि निवर तर अगदी पाण्यातच असतं. माझ्या शहरात हे फार आधी होऊन गेलंय. पुण्यात मुळा-मुठेचा काठ मी भिंतींच्या रूपातच ओळखते. तिथं नदीकाठचं झाड ही कल्पनाच पुढच्या मुलांना चित्रात दाखवावी लागेल. कोलाडला अजून झाड आहे, मुळांतला मासा आहे, त्याच्याबद्दल सांगणाऱ्या आजी आणि दादा आहेत. रोज येणाऱ्या पाण्याच्या ताकदीनं काठ खचू नये यासाठी सिमेंटच्या आधी या मुळांचा विचार व्हायला हवा.

दुसऱ्या दिवशी मी नदीबरोबर रोह्याकडे गेले. वाटेत डोलवहालचा बंधारा लागतो. तिथं पाणी थांबतं, कालव्यांना जातं, त्यावर उन्हाळी भात पिकतं. रोह्याचा बाजार आगोटीच्या गिऱ्हाइकांनी फुलला होता. सुक्या मासळीच्या ओळी, पांढऱ्या कांद्याच्या वेण्या, वालाची पोती, फणसांचे ढीग. कोळिणीशी घासाघीस करायला मी थोडी बिचकले, तर शेजारच्या बाईंनी माझ्या वतीनं भाव केला आणि वर पिशवीही धरली. या गावात चिंतामणराव देशमुखांचं बालपण गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेल्या या माणसानं कालिदासाच्या 'मेघदूता'चा मराठी अनुवाद केला. त्या काव्यात यक्ष मेघाला निरोप देतो तो ओल्या निचुलांच्या जागेवरून. निचुल म्हणजे निवराचंच जवळचं भावंड असं अनेक अभ्यासक मानतात. निवराच्या काठावर लहानाचं मोठं झालेल्या मुलानं निचुलाची ती ओळ मराठीत आणावी, हा योग मला फार मोलाचा वाटतो. आपल्या वाङ्मयातला एक प्रसिद्ध पावसाळी प्रवास या कुळातल्या झाडापासून सुरू होतो.

रोह्याच्या पुढे नदीचा चेहरा ओळखू येत नाही. धाटावच्या कारखान्यांच्या परिसरात हवेलाच रसायनांचा दर्प आहे, आणि खाली खाडीत मासेमारी करणारी माणसं पाण्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. "पहिली चिंबोरी हातभर खणलं की मिळायची," एक कोळी काका मला म्हणाले, आणि एवढं बोलून जाळ्याची गाठ सोडवत राहिले. मुळशीत जमिनी घेऊन आणि घाट उतरवून आणलेलं पाणी आपण शेवटच्या टप्प्यात असं करून टाकतो. ज्या शेतकऱ्यांनी त्यासाठी आपली गावं गमावली, त्यांच्याशीही हे प्रामाणिक नाही.

रेवदंड्याला नदी खाडी होऊन समुद्राला मिळते. पलीकडे कोर्लईचा किल्ला. किनाऱ्यावर भरतीनं आणून टाकलेल्या काटक्यांत मी निवराची फळं शोधली आणि ती मिळाली. अंड्याएवढी, बाहेरून तंतूंची जाड साल, आत एकच बी. या सालीमुळे फळ पाण्यावर तरंगत लांबचा प्रवास करतं आणि ओला काठ मिळाला की रुजतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून पॅसिफिकपर्यंत हे झाड पसरलं ते याच जोरावर. ते माणसाला पेरावं लागत नाही. माणसाला फक्त काठ मोकळा ठेवावा लागतो.

कोलाडच्या माणसांकडे माझं एवढंच मागणं आहे. तंबूची जागा काठापासून चार पावलं मागे घ्यावी. काठ साफ करून झाला असेल तिथं पावसाआधी निवराची रोपं पाण्याच्या रेषेत लावावीत. आजी आणि दादा ज्या गोष्टी सांगतात त्या राफ्टवरच्या मुलांनी पाहुण्यांना सांगाव्यात. आणि आपण शहरातून जाणाऱ्यांनी पाणी सुटण्याआधीचा एक तास नदीला द्यावा. कुंडलिका आपल्याला वेगानं पुढे नेते तेव्हा ती आपल्यासाठी वाहत असते. त्याआधीच्या त्या तासात ती ज्यांच्यासाठी आहे ते सगळे तिथं हजर असतात. त्यांना एकदा भेटलेला माणूस काठावरच्या झाडाला कुऱ्हाड लागू देणार नाही, अशी माझी खात्री आहे.